साहेबांच्या ताटातलं तिखट

मावशी वाइनचा घोट तोंडात घ्यायची, गालांत खुळखुळवायची आणि मोरीत थुंकायची. कधी गिळली नाही. सौंसर गावातल्या तिच्या शेजारणी म्हणायच्या, "बाई दारू पिऊन राहिली." मावशी म्हणायची, "पिऊन नाही, शिकून राहिली." कशासाठी, ते फक्त मला ठाऊक होतं.

नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात ती मटण रांधायची. एकदा पाहुण्यांनी कौतुकानं तिला बाहेर बोलावलं. हॉटेलचे वाइनवाले साहेब तेव्हा दक्षिण फ्रान्सची लाल वाइन ओतत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला चव नाही, नुसती मिरची आहे. असल्या रश्श्याबरोबर ही वाइन म्हणजे गटारात ओतणं." पाहुणे हसले. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी तिला भांडी घासायला बसवलं.

मावशी रडली नाही. ग्लास धुण्याआधी तळाशी उरलेला थेंब हुंगू लागली, चाखू लागली. उरल्यासुरल्या बाटल्या सौंसरला आणू लागली. मी पांढुर्ण्याहून गेले की माझ्या नाकाखाली ग्लास धरायची.

"कायचा वास येते?"

"दारूचा."

"नीट पाह्य. जांभूळ आहे, मिरं आहे. आन् उन्हात तापलेल्या रानतुळशीसारखं काहीतरी."

मग मलाही यायचा.

साहेबांचं म्हणणं तिनं स्वतः ताडून पाहिलं. भाकरी आणि झणझणीत रस्सा, वर फ्रान्सचा घोट. तोंड वाकडं करून म्हणाली, "खरं बोलला तो. तिखटानं हे कडू होते. पण चार लोकाइत काऊन बोलला?" त्यानंतर तिनं लाल मिरची न घालता मटण शिजवलं: काळं मिरं, लसूण, भाजलेला कांदा, खसखस. त्या मटणाबरोबर तीच वाइन मऊ, गोडसर लागायची. दोन्ही रश्श्यांना रंग मात्र तिनं सारखाच आणला होता.

पुढे ती हॉटेल सोडून घरगुती समारंभांचा स्वयंपाक करू लागली. पांढुर्ण्याच्या एका संत्रा बागायतदाराकडे दुपारचं जेवण होतं. पाहुण्यांना वाइन समजावून सांगायला तेच साहेब येणार होते, स्वतः निवडलेल्या फ्रान्सच्या बाटल्या घेऊन. मावशीनं दोन पातेली चढवली. वाढायला मी होते.

"हे ताट त्याचं," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या कोणाले देऊ नको."

बागेत सगळे जेवायला बसले. साहेबांना पहिल्याच घासाला घाम फुटला. बागायतदारांनी विचारलं, "तिखट झालं का?"

"छे! मला तिखट लागत नाही," साहेब म्हणाले आणि घोट घेतला. चेहरा कसनुसा झाला. दुसऱ्या बाटलीतली मागवली, तिसरी उघडायला लावली. शेवटी ग्लास आपटून म्हणाले, "सगळा माल खराब आहे. कोणी पिऊ नका."

पाहुणे गोंधळले. त्यांचे ग्लास तर रिकामे होत आले होते. तेव्हा पदराला हात पुसत मावशी पुढे आली. साहेबांच्याच ग्लासातला घोट तिनं तोंडात घोळवला, बांधावर थुंकली. "वाइन चांगली आहे, साहेब. तुमच्याच जिभेले समजली नाही. ओळखलं का मले?"

साहेबांनी ओळखलं. या वेळी पाहुणे त्यांना हसले.

मावशीला सौंसरला सोडायला बसनं जाताना मला साहेबांची दया आली, तसं म्हणालेही. मावशी म्हणाली, "तुले दया येते, कारण तू भांडे नाही घासले."

गेल्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. जेवण सुटलं. तिच्या जुन्या हॉटेलातली एक बाई भेटायला आली आणि बोलता बोलता सांगून गेली, त्या जेवणाची गोष्ट नागपूरभर झाली, साहेबांना आता कोणी बोलावत नाही, हॉटेलनंही काढून टाकलं. बाई गेल्यावर मी विचारलं, "मावशी, आता तरी माफ केलं?"

"नाही," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिनं वाटीभर पेज मागून घेतली, सगळी संपवली.

तीन दिवसांनी ती गेली. किती समाधानानं गेली, असं सगळे म्हणत होते. मी मान डोलावली. कशाचं समाधान, ते सांगितलं नाही.