झोपाळ्याची कुरकुर
काल सुतार आमच्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालायला आला. त्याने डबी उघडली आणि हळदीत कालवतात तशा त्या तेलाच्या वासासरशी मला मैत्रिणीच्या भावाची हळद आठवली. बाळकुमला मांडवात डीजे दणाणत होता आणि मध्येच माझी ट्यून वाजायला लागली! डोंबिवलीच्या घरात लॅपटॉपवर बनवून मी ती नेटवर टाकलेली. पिवळ्या गालांचा अख्खा मांडव तिच्यावर नाचत होता. मी सरळ डीजेकडे गेले. "हे माझं आहे." तो हसला. "सगळे असंच बोलतात, ताई." तेवढ्यात आई मला जेवायला बोलवायला आली. मी कायम हेडफोन लावून काम करायचे, त्यामुळे तिने माझं काहीच ऐकलेलं नव्हतं. ती थबकली. "अगं, हा आपला झोपाळा कुरकुरतोय ना?" तीच कुरकुर रेकॉर्ड करून तिच्यावर मी सगळा ताल बांधला होता. डीजेने कान दिला. "आयला, मला वाटलेलं पक्षी आहे!" मग माइक घेऊन त्याने ओरडून सांगितलं, की हे बनवणारी पोरगी इथेच उभी आहे. मी लाजलेबिजले नाही. दुसरी ट्यूनही लावायला लावली. तेव्हापासून डीजे लोक माझ्याकडून अशा ट्यून पैसे देऊन बनवून घेतात. काल सुताराच्या हातातली डबी आईनेच बंद केली. "तेल नको हो," ती म्हणाली, "पोरीचं पोट आहे त्यावर."