होडीच्या जागेवरची गाडी

आमची पद्मिनी आता चालते. रविवारी सकाळी मी तिला बाहेर काढते, ठाणे-बेलापूर रस्त्यावर जाऊन परत आणते. तरी मला जास्त आठवते ती न चालणारी पद्मिनी. दारापुढे विटांच्या थरांवर ठेवलेली, चाकं आणि सीट काढलेली, दारं उघडी.

तळवलीला आमच्या घरापुढे एक मोकळी जागा आहे. शेजारी तीनमजली, चारमजली घरं उठली तरी बाबांनी तिथं काही बांधलं नाही. ती होडीची जागा होती. पावसाळ्याआधी बाबा होडी खाडीवरून टेम्पोत घालून घरी आणायचे आणि दोन ओंडक्यांवर ठेवून तिची दुरुस्ती करायचे. शाळेत असताना माझा अभ्यास त्या होडीत चालायचा. आत बसलं की घरातली भांडणं ऐकू येत नसत, आणि लाकडाला तेलाचा वास असायचा. पुढे खाडीत मासळी मिळेनाशी झाली. बाबा जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात माल भरायच्या कामाला लागले. होडी मोडून लाकूड विकलं. जागा मात्र तशीच ठेवली. आई कधी तिथं वाळवणाचे पापड घालायची, पण बाबा घरी येण्याआधी उचलायची.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुस्तकातलं इंजिन मला तोंडपाठ होतं, पण खरा बोल्ट फिरवायची वेळ आली की हात थांबायचा. वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरी गाड्या होत्या, त्यांना न शिकवता समजायचं. मी काही विचारायला लाजायचे. अशात एकदा बाबांचा डबा द्यायला पावण्याला गेले, तेव्हा बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या मागे ती गाडी दिसली. वेलींनी बॉनेट झाकलं होतं. मागच्या सीटवर मांजरीची पिल्लं होती. मालकीणबाई म्हणाल्या, भंगारवाला येणारच आहे, त्याआधी हवी तर ने. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे मी देऊन टाकले. घरी सांगितलं नव्हतं.

टेम्पोवरून गाडी उतरली तेव्हा बाबा दारात उभे होते. ठेवायला दुसरी जागाच नव्हती. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "ती होडीची जागा हाय, बाय. दिवाळीपर्यंत ठेव. मंग उचल."

म्हणजे माझ्याकडे चार महिने होते. दिवाळीनंतर भंगारवाला.

इंजिनापेक्षा तळ वाईट होता. खाडीच्या हवेनं पत्रा पापडासारखा झाला होता. पावण्याहून एक वेल्डर यायचे. वयानं माझ्या काकासारखे, बोलायला फटकळ. त्यांनी मोठी भोकं बुजवली आणि काम झालं म्हणून सांगितलं. मी घाईघाईनं रंगाचा हात मारला, वर नवा नमदा, जाड लोकरी गालिचा, अंथरला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर गाडीत घोट्याएवढं पाणी. बादल्या बाजूला पडलेल्या. बाबा गाडीखाली उताणे पडून, टपकणाऱ्या प्रत्येक थेंबाजवळ खडूनं गोल काढत होते. नमदा पाण्यात तरंगत होता.

तेवढ्यात वेल्डर बिल मागायला आले. त्यांनी आत डोकावलं आणि विचारलं, "काय दादा, हिला खाडीत सोडणार का?"

आणि मी हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. नंतर मी बाबांना काय काय बोलले ते सगळं इथं लिहवत नाही. ही गाडी आहे, होडी नाही, एवढं तरी कळायला हवं होतं, असं काहीतरी. बाबा गाडीखालून निघाले, कपडे झटकले.

"पानी बाहेरून मारलं का कुठूनबी आत फिरतं," ते म्हणाले. "आतून भरलं का खरी जागा सांगतं."

मग त्यांनी खडू खिशात टाकला आणि आत गेले. त्यानंतर ते गाडीकडे फिरकले नाहीत. कामावरून आले की मागच्या दारानं घरात जायचे. आई जेवताना आम्हां दोघांच्या मध्ये बसू लागली.

नमदा फुकट गेला, त्याचा वास आठवडाभर जात नव्हता. पत्रा वाळवायला मी गाडीखाली शिरले, तेव्हा पहिल्यांदा ते गोल नीट पाहिले. सतरा होते. एकेका गोलात सुईच्या टोकाएवढं भोक. आमच्या नव्या रंगानं ती झाकली होती, बुजवली नव्हती. वेल्डरना दाखवायला बोलावलं. ते बराच वेळ बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "हे मला दिसलं नव्हतं." त्या दिवशीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. खडूच्या गोलांवरून एक एक करत आम्ही सगळी भोकं भरली.

दिवाळीला चार दिवस राहिले होते. इंजिन अजून सुरू झालं नव्हतं. मी नळावरून बादल्या आणून गाडीत ओतू लागले. आई खिडकीतून बघत होती. पाणी घोट्याएवढं झालं तेव्हा मी मागच्या दाराशी गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण तोंडून वेगळंच आलं.

"बाबा, पाणी भरलंय. बघता का?"

ते आले. खिशात खडू होता की त्यांनी येताना घेतला, मला माहीत नाही. ते गाडीखाली शिरले, आणि मी ओल्या पायांनी बाजूला उभी राहिले. खालून हात पत्र्यावर फिरल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं बाहेर आले. खडू वापरला नव्हता.

"सुकी हाय," म्हणाले.

मग ते माळ्यावर चढले. होडीचं सगळं लाकूड विकलं असं मी समजत होते. होडी ज्यांवर ठेवायचे ते दोन ओंडके त्यांनी खाली आणले. मला जॅक लावायला सांगून विटा एकेक काढल्या, आणि ओंडके गाडीखाली सरकवले.

"इटा फुटतील," ते म्हणाले. "हिला किती दिवस लागतील काय म्हाइत."