याचे पैसे कोण भरणार?

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही. पोरांना सांगितली नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घातल्यावर सगळे म्हणाले, नोकरीतला एखादा अनुभव सांगा. तेव्हा मी खांबावर चढलेल्या घोरपडीची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. सांगायची होती ती ही. गेली कित्येक वर्षं मी ती टाळत आलो. आता टाळायला फार दिवस उरलेले नाहीत.

"पूस," आप्पा म्हणाले.

मी रिसीव्हर हातात धरून उभा होतो. आप्पांचं किराणा दुकान, समोर ओटा, ओट्याखाली पन्नासएक माणसं. गावात पहिला फोन आला होता. खांब मी रोवले होते, तार मी ओढली होती. जोडणी झाल्यावर लाईन तपासायची म्हणून मी रिसीव्हर तोंडाला लावून तालुक्याच्या एक्स्चेंजला "हॅलो पाटोदा, हॅलो" म्हणालो होतो. तेवढंच.

मी खिशातला रुमाल काढला.

"त्या रुमालानं नको बे. त्यालाबी मेंढराचाच वास." आप्पांनी गल्ल्यामागून एक फडकं माझ्याकडे फेकलं. "हे घे. तोंड लावलंस ना तिथं, नीट पूस. आमच्या घरच्या बायामाणसांना बोलायचं हाय त्यावर."

लोक हसले. मीही हसलो. हसत हसत रिसीव्हर पुसला. मग आप्पांनी ते फडकं माझ्या हातातून चिमटीत धरून घेतलं आणि ओट्याखाली टाकलं. ते साळूआत्याच्या पायाजवळ पडलं.

साळूआत्या माझ्या बापाची चुलत बहीण. गावाबाहेर माळावर आमच्या मेंढपाळांची वस्ती, तिथली. "आपलं पोरगं फोन बसवतंय" म्हणून ती सकाळपासून डोक्यावर पदर घेऊन बघायला आली होती. तिनं फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माळाकडे निघून गेली.

नव्वदीनंतरची ती वर्षं. देश खुला झाला, असं पेपरात यायचं. प्रत्येक गावाला एक सार्वजनिक फोन द्यायचा असं सरकारनं ठरवलं होतं. खांब सरकारचे, तार सरकारची, फोन सरकारचा. मी टेलिफोन खात्यात रोजंदारीवर होतो. सायकल, पक्कड, कमरेला तपासणीचा फोन. हा फोन म्हणजे नुसता रिसीव्हर, त्याला दोन चिमटे. कुठल्याही खांबावर चढून तारेला चिमटे लावले की एक्स्चेंजशी बोलता यायचं. आज ना उद्या परमनंट होऊ, एवढ्या एका आशेवर मी ऊन काढत होतो.

फोन चावडीत बसवायचा होता. आप्पा आमच्या खात्याच्या साहेबांना म्हणाले, "चावडीला दार न्हाई. माझ्या दुकानाला दार हाय, लाईट हाय, बसल्या जागी माणूस हाय." साहेबांनी चहा घेतला. मला म्हणाले, "दुकानात बसव. कागदावर ग्रामपंचायत लिही."

मी लिहिलं. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर, माझ्या अक्षरात. जागा : ग्रामपंचायत कार्यालय. वापर : सर्वांसाठी खुला. साहेबांनी खाली सही केली, पण अक्षर माझं. हे आज पहिल्यांदा सांगतो आहे.

सर्वांसाठी खुला म्हणजे कसा, तेही लिहितो. गावातली बरी माणसं दुकानात जाऊन गादीवर टेकून बोलायची. वस्तीवरच्या माणसानं ओट्याखाली उभं राहायचं आणि निरोप सांगायचा. आप्पा किंवा त्यांचा मुलगा फोनवर बोलायचे आणि पलीकडून आलेलं उत्तर आपल्या शब्दांत खाली सांगायचे. रिसीव्हर हातात मिळत नसे. बाळंतपण, भांडण, सोयरीक, सगळं चारचौघांत ओरडून सांगायचं. एखाद्यानं म्हटलं, "आप्पा, मलाच बोलू द्या की," तर आप्पांचं उत्तर ठरलेलं असे.

"तू बोलत बसशील. याचे पैसे कोण भरणार?"

खरं तर बोलण्याचे पैसे ते दुप्पट घेत. पण त्या प्रश्नापुढं वस्तीची माणसं गप्प व्हायची. आपण फुकटे आहोत असं त्यांना खरंच वाटायचं. मलाही वाटायचं.

साळूआत्याला एकच लेक. मनकर्णा. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, तिकडं पश्चिमेला, कारखान्यावर. दिवस भरत आलेले.

त्या दिवशी नारायणगडाची यात्रा होती. आप्पांचं सगळं घर यात्रेला गेलं होतं. दुकानाला कुलूप. फोन आत. सर्वांसाठी खुला.

मी माळाच्या कडेच्या खांबावर होतो. वाऱ्यानं तारा एकमेकींना लागत होत्या, त्या ताणत होतो. सूर्य डोक्यावर आलेला. खालून हाक आली.

"बापू! आरं बापू!"

आत्या होती. अनवाणी. हातात चिठ्ठी. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर थांबलेल्या एका ट्रकवाल्यानं ती गावातल्या माणसाकडे दिली होती. मनकर्णा दवाखान्यात आहे, हाल लई वाईट आहेत, आईला फोन करायला सांगा. खाली दवाखान्याचा नंबर.

"दुकान बंद हाय रं. तुज्या कमरंला हाय ना फोन? लावून दी की. नुस्तं आवाज ऐकते तिचा. दोन शब्द बोलते."

मला लावता आला असता. दोन चिमटे. एक्स्चेंजमधला माणूस माझ्याबरोबर जेवणारा. त्याला म्हणालो असतो, तर त्यानं ट्रंक कॉल जोडून दिला असता. पण तो कॉल लागला असता गावच्या फोनच्या नावावर. महिन्याच्या शेवटी बिल आप्पांच्या हातात पडलं असतं. आम्ही यात्रेत होतो, मग दवाखान्याला फोन केला कोणी, असं त्यांनी विचारलं असतं. साहेबांपर्यंत गेलं असतं. माझं नाव परमनंटच्या यादीत होतं. यादीतून नाव कापायला एक रेघ पुरते.

एवढा सगळा विचार मी खांबावर लटकून केला. खाली उतरलोसुद्धा नाही.

"आत्या, हे तपासायचं यंत्र हाय. ह्याच्यावर बोलायचं नसतं."

"कावून? तवा तर बोलला हुतास. हॅलो पाटोदा म्हनला हुतास."

"ते कामाचं."

"ह्येबी कामाचंच हाय की रं. माजी लेक हाय."

आणि मग मी ते बोललो. आप्पांचं वाक्य. माझ्या तोंडून, माझ्याच माणसाला, वरून खाली.

"याचे पैसे कोण भरणार?"

आत्यानं वर बघितलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिनं हात आडवा धरला. मग कनवटीची गाठ सोडायला लागली. चुरगळलेल्या नोटा होत्या. दोन, तीन. हात वर करून मला दाखवल्या. मी मान फिरवली आणि पक्कड चालवायला लागलो.

ती पाटोद्याला चालत गेली. एसटी निघून गेली होती.

संध्याकाळी मी सायकलवर पाटोद्यात शिरलो तेव्हा ती पीसीओच्या पायरीवर बसलेली दिसली. रडत नव्हती. चिठ्ठी अजून हातात होती. मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली. पीसीओवाल्यानं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला होता, बाई दुपारनंतर गेली. मूलही गेलं. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. आईचा फोन आला का, म्हणून विचारत होती.

दुपारनंतर. आत्या माझ्या खांबाखाली उभी होती तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

त्यानंतर चार महिन्यांनी मी परमनंट झालो. वस्तीवर पेढे वाटायला गेलो नाही.

पुढल्या उन्हाळ्यात बीडहून मोठे साहेब आले. आप्पांनी अर्ज केला होता, की मी गोरगरिबांसाठी फोन सांभाळतो, जागा माझी, माणूस माझा, तर हा खर्च सरकारनं सोसावा. दर महिन्याला काहीतरी बांधून द्यावं. साहेब दुकानात खुर्चीवर बसले. ओट्याखाली गाव जमलं. वस्तीची माणसंही आली होती, आत्या सोडून.

साहेब मला म्हणाले, "लाईन तपासा."

मी रिसीव्हर उचलला. हॅलो पाटोदा म्हणालो. ठीक होती लाईन.

आप्पा साहेबांशी बोलता बोलता, माझ्याकडे न बघताच, फडकं पुढं सरकवत म्हणाले, "पूस."

त्यांना त्यात काही वाटलंच नव्हतं. सवयच ती. त्यांचीही आणि माझीही. माझा हात फडक्यापर्यंत गेलासुद्धा. तेवढ्यात मला तो उन्हात आडवा धरलेला हात दिसला. नोटा दाखवणारा.

"न्हाई पुसणार," मी म्हणालो.

"काय म्हनलास बे?"

"न्हाई पुसणार. आन् हा फोनबी आता हितं न्हाई ऱ्हाणार."

कोणी हसलं नाही. मी पक्कड काढली. तार तोडली. भिंतीतले खिळे उपसले. आप्पा ओरडत होते, "साहेब, बघा, बघा कसा माजलाय! मेंढरामागं हिंडनारी जात!" साहेब म्हणाले, "थांबा हो जरा." मी थांबलो नाही. फोन काखेत घेतला आणि शाळेच्या व्हरांड्यात नेऊन बसवला. व्हरांड्याला दार नव्हतं. वस्तीची माणसं माझ्या मागून चालत आली.

इथवर सांगितलं की ऐकणारा मला शाबासकी देईल. म्हणून पुढचं सांगतो.

मोठे साहेब शाळेत आले, हातात जुना कागद. "यावर तर ग्रामपंचायत कार्यालय लिहिलंय. सर्वांसाठी खुला. हे कोणी लिहिलं?"

माझं अक्षर माझ्यासमोर होतं.

"मला ठाऊक नाही, साहेब," मी म्हणालो.

परमनंट झाल्यावर नाही म्हणालो. आधी नाही. आणि नाही म्हटल्यावरही खोटं बोललो. माझं शौर्य एवढंच.

आठवड्यानं आत्या शाळेत आली. मी मुद्दाम तिथं थांबलो होतो. मी तिच्या हातात रिसीव्हर दिला. म्हणालो, "धर आत्या. आता कुणाला इचारायला नको." तिनं तो कानाला लावला. आतली घरघर ऐकली. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"आता कुनाला लावू?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता. मी तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी वायर नीट करत बसलो. दोन महिन्यांनी माझी बदली झाली.

आज हे लिहायला बसलो, कारण गावात इंटरनेटची पेटी आली आहे. सरकारी पैशातून. शाळेला, दवाखान्याला, घराघराला स्वस्तात जोडणी. आप्पा गेले. त्यांचा नातू म्हणतो, पेटी आमच्या बंगल्यात ठेवा, लाईट जात नाही, चोरी होत नाही. आणि माझा भाचा सांगत होता, मागच्या ग्रामसभेत हा नातू म्हणाला, "वस्तीवर लोकं फुकट व्हिडिओ बघत बसतील. याचे पैसे कोण भरणार?"

वाक्य तेच. मला उत्तर शोधायला सगळं आयुष्य लागलं, पण ते आता माझ्याकडे आहे. पैसे साळूआत्यानं भरले होते. साबण घेताना, काडेपेटी घेताना, एसटीचं तिकीट काढताना, प्रत्येक वेळी तिच्याकडून सरकारनं थोडा थोडा कर घेतला होता. शहरात ट्रंक कॉल करणाऱ्यांनी भरले होते, महाग दरानं, खेड्यात तार जावी म्हणून. तो पैसा डोंगर चढून गावापर्यंत आला आणि आप्पांच्या उंबऱ्यावर थांबला. गरिबाच्या जोडणीचा खर्च सगळ्यांनी सोसायचा, आणि जो या तारांवर जास्त कमावतो त्यानं जास्त सोसायचा. यात उपकार नाही. पण ज्याच्या नावानं पैसा येतो, वस्तू त्याच्या हातात पडली पाहिजे. मध्ये कोणाचं दार नको.

येत्या ग्रामसभेला मी जाणार आहे. गुडघे चालत नाहीत, तरी जाणार आहे. पेटी शाळेच्या भिंतीवर बसेपर्यंत खाली बसणार नाही. आणि आधी त्या जुन्या कागदाचं सांगणार आहे. ते अक्षर माझं होतं, हे माइकवर, माझ्या नावानिशी. मग लोकांनी माझ्या तोंडावर थुंकलं तरी चालेल. मी पुसणार नाही.

ज्या माणसाला हे पहिल्यांदा सांगायचं होतं, ती साळूआत्या मात्र आता उरली नाही.

बदलीच्या गावाहून मी एकदा शाळेच्या त्या फोनवर फोन लावला होता. आत्या रोज दुपारी व्हरांड्यात येऊन बसते, असं कानावर आलं होतं. पाठ करून ठेवलं होतं काय बोलायचं ते. आत्या, मी लावून देऊ शकत होतो. मी नोकरीला भ्यालो. माझं चुकलं.

बरीच रिंग वाजली. मग कोणीतरी उचलला.

"कोन हाय?"

तिचाच आवाज.

"कोन बोलतंय? मला येतंय ऐकू. बोला की."

मी म्हणालो, "लाईन तपासतोय."

पलीकडं तिनं फोन ठेवला नाही. मग हळू म्हणाली, "बोल की रं."

मी फोन ठेवला.