सात हजार नऊशे एकोणीस

ऑपरेशन थिएटरबाहेर बाबांची फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. तिच्यावरचा नंबर ७९१९. तीनने भाग जाईना, सातने दोन उरले, तेरानेही दोनच.

"पाय हलवू नकोस रे सारखा," ताई म्हणाली.

बाबा गणिताचे मास्तर. त्यांनीच शिकवलेलं, वर्गमुळापर्यंत तपासायचं. तोवर भाग गेला नाही तर ती मूळ संख्या, पुढे बघायचंच नाही. इथे ती हद्द अठ्ठ्याऐंशी होती. बाबांचं वयही तेवढंच. एवढीशी संख्या कुणाच्या बापाला तुटत नाही, आणि माणूस बाथरूमच्या ओल्या फरशीवर मोडतो!

त्र्याऐंशीनेही भाग गेला नाही. पुढे अठ्ठ्याऐंशीपर्यंत तपासण्याजोगं काहीच नव्हतं. दारावरचा लाल दिवा तसाच होता.

मी पुन्हा दोनपासून सुरुवात केली.