डुकरानं भंडारा उचलला नव्हता

बहिणीच्या दिरावर सूड उगवायचा, हे मी तिच्या तेराव्यालाच ठरवलं होतं. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करते.

बहीण माले गावात दिलेली. तिच्या लग्नात हा दीर शाळेत जात होता. त्याचे डबे, त्याची दुखणी, सगळं तिनंच काढलं. पुढे तिचं लिव्हर निकामी झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यावा लागेल. माझा रक्तगट जुळला. पण आयटीच्या खुर्चीत बसून वडापाव खाल्लेली मी, लिव्हरवर चरबी साचलेली. मला बाद केलं. मेहुण्यांचा गट जुळेना, दिराचा जुळला. त्यानं देवळात सगळ्यांसमोर भंडारा उचलला. हातात देवाची हळद घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे कुणी फिरवत नाही.

"वहिनी, माझ्या आईच्या जागी हायेस तू. मी देतो," म्हणाला.

ॲडमिट व्हायच्या सकाळी हा बायकोच्या माहेरी पळाला. मोबाईल बंद. बहिणीची सासू म्हणाली, "भ्यालं पोरगं. त्याला बी लेकरं हायेत."

दुसरं कुणी मिळतंय का, याची वाट बघत असताना मी ऑफिसात बसून इंटरनेटवर वाचत होते. परदेशात डुकराचं लिव्हर माणसाला लावता येईल का, याचे प्रयोग चालले होते. मी ते बहिणीला सांगितलं. दरवर्षी रानडुकरं तिच्या भाताची नासाडी करायची. ती उशीवर डोकं ठेवूनच हसली.

"आपला भात खाल्लाय न्हवं त्यांनी? एक लिव्हर देऊ दे की."

मी खरंच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, डुकराच्या लिव्हरला परक्या वाटतात, म्हणाले. ते त्यांना पकडून गिळून टाकतं. बघता बघता माणसाच्या अंगात प्लेटलेट्स उरत नाहीत आणि मिळेल तिथून रक्त वाहू लागतं. यावर अजून उपाय सापडलेला नाही.

तोवर मी दिराला मनातल्या मनात डुक्कर म्हणत होते. त्या दिवसापासून सोडलं. डुकरानं भंडारा उचलला नव्हता. परक्याला गिळणं हा त्याच्या लिव्हरचा धर्मच. हा तर तिच्या हातचं खाऊन वाढलेला.

बहीण गेली. शेवटी तिच्याही प्लेटलेट्स घसरल्या होत्या, हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. ते मी पुसत होते. दिरानं नंतर डंपर घेतला आणि डोंगरातल्या बांधकामांवर लावला. तो डंपर दरीत जावा, असं मी नवरात्रात देवीला सांगितलं, नैवेद्य दाखवून.

दोनेक वर्षांनी पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. प्लेटलेट्स द्यायला त्याच्या गटाचं कुणी मिळेना. शेवटी बहिणीच्या सासूचा मला फोन आला. "तुजा गट त्योच हाय न्हवं? ये गं बाई."

फोन ठेवून मी आधी हसले, चांगली पोटभर. देवीनं ऐकलं होतं, फक्त डंपरऐवजी डास पाठवला होता. मग जेवले आणि विचार केला. हा मेला असता तर सगळा गाव त्याला बिचारा म्हणाला असता. ते मला नको होतं. मी राहते त्या नेऱ्याहून रिक्षा केली आणि हॉस्पिटल गाठलं.

मशीन माझ्या रक्तातून प्लेटलेट्स काढून घेत होतं आणि उरलेलं रक्त मला परत देत होतं. "वजन चांगलंय तुमचं, म्हणून जमलं," नर्स म्हणाली. एकदाचं कुठेतरी कामी आलं.

संध्याकाळी पिशवी लावल्यावर मी त्याच्या कॉटशी जाऊन उभी राहिले. त्याची आई होती, बायको होती, गावातली चार माणसं होती.

"ताई, लई उपकार झाले," तो म्हणाला. "देवाशप्पथ, जल्मात इसरणार न्हाई."

"शपथ नको," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी भंडारा न उचलताच आलेय."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. पिशवी संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.