बेसच्या गुळगुळीत तारा

माझ्या नवऱ्याची बोटं बरी व्हायला लागली आणि माझी झोप उडाली.

साठचं दशक सरत आलं होतं. लग्न होऊन मी परतवाड्याहून अकोल्याला आले, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. हे पाटबंधारे खात्यात कारकून. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. गावातल्या काही हौशी लोकांनी मिळून तो काढला होता आणि तेलाच्या घाण्यामागच्या रिकाम्या गोदामात त्यांची तालीम चाले. तिथे हे बेस गिटार वाजवत. इलेक्ट्रिकची, चार जाड तारांची. ती गोदामातच राही, त्यामुळे मी ती कधी पाहिलेली नव्हती. मला ठाऊक होत्या त्या तिनं केलेल्या जखमा.

त्या तारांवर वरून बारीक गोल तार गुंडाळलेली असे, दोराला पीळ असतो तशी. दाबून बोट सरकवलं की कातडी सोलून निघे. हे तालमीहून आले की डाव्या हाताच्या बोटांना मी खोबरेलात हळद कालवून लावायची. आमच्या घरात थोरांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, जरा मोठ्यानं, म्हणजे ज्याला ऐकायचं तो ऐकतो. हात धरणं तर लांबच राहिलं. पण जखमेला कोण नाही म्हणणार? सासूबाई समोर भाजी निवडत बसलेल्या असत आणि त्यांच्यादेखत मी नवऱ्याचा हात हातात घेऊन बसे. चार बोटांना हळद लावायला किती वेळ लागावा? मला पुष्कळ लागायचा. खरं सांगते, त्या जखमांवर माझा जीव होता.

मग अमरावतीच्या शारदोत्सवातला मोठा कार्यक्रम ठरला. तालमी वाढल्या, रविवारची दुपारही त्यातच जाऊ लागली. आणि बोटं मात्र बरी होत चालली. आधी लाली गेली, मग खपली गेली, आणि शेवटी ती अशी दिसायला लागली की या माणसानं टाकाखेरीज दुसरं काही हातात धरलेलंच नाही.

तालीम दुप्पट आणि जखम शून्य, हे गणित मला काही केल्या सुटेना. ऑर्केस्ट्रात गाणारी नवी आली आहे आणि ती अमरावतीहून गाडीनं तालमीला येते, एवढं शेजारणीकडून कानावर आलं, आणि गणित झटक्यात सुटलं. हे तालमीला जातच नसतील. किंवा जात असतील, पण वाजवायला नाही.

त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. खुंटीवरच्या शर्टाचा वास घेऊन पाहिला. त्याला घाण्यातल्या तेलाचाच वास येत होता, पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. सासूबाईंना म्हटलं, "विचारा जरा, आज कोनतं गानं बसवलं?" तिकडून उत्तर आलं, "रोजचंच." रोजचंच म्हणजे काय? ज्याच्या मनात काही नाही तो सरळ गाण्याचं नाव सांगतो. आणि त्यांनी नाव सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, पाठ करून आलेत.

एका संध्याकाळी सवयीनं त्यांनी हात पुढे केला. मी बोटं नीट पाहिली आणि हळदीची वाटी फडताळात परत ठेवली. "लागलं त काहीच नाही," मी सासूबाईंना म्हटलं. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग मागे गेला. चोर सापडला असं वाटून मला बरं वाटलं.

अमरावतीला माझी मावशी राहायची. तिला भेटायचं निमित्त काढून मी कार्यक्रमाला गेले. मांडवात बायकांच्या बाजूला शाळेतून आणलेले लाकडी बाक होते. आम्ही दोघी पुढेच जागा धरून बसलो. गाणारी पोपटी साडीत माइकपाशी उभी, आणि हे तिच्या मागे, गळ्यात ती लांबलचक गिटार. एक गाणं झालं, दुसरं झालं. पेटी ऐकू येई, ढोलकी ऐकू येई, गिटारचा म्हणून आवाज काही मला सापडेना. मावशीनं तर सरळ विचारलं, "जावई काहून उभे हायेत तिथं? वाजवून त काहीच नाही राहिले!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटं का बरी झाली ते आता मावशीलाही दिसत होतं. नुसतं शोभेला उभं राहायचं, त्यासाठी रोज घराबाहेर पडायचं, आणि समोर ती पोपटी साडी.

तिसऱ्या गाण्यात यांच्या गिटारपासून स्पीकरला गेलेली वायर तुटली. हे खाली वाकले आणि त्याच क्षणी गाणं उघडं पडलं. बसल्या बाकातून पायांत येणारी एक धडधड इतका वेळ चालू होती; ती थांबली तेव्हाच ती होती हे मला कळलं. मावशी म्हणाली, "असं पोकळ काहून वाटून राहिलं?" गाणारीनं मागे वळून यांच्याकडे असे डोळे वटारले की शाळेतल्या बाई आठवाव्यात. वायर कशीबशी जोडली गेली आणि धडधड परत आली. म्हणजे हे वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर गाणारी आपल्या नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून घरी गेली, तेही मी पाहिलं. पण संशय असा एकदम जात नाही. सायकलवर बसली म्हणून काय झालं? आणि वाजवतात तर बोटं कशी बरी झाली?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसनं अकोल्याला परतले. हे आधीच येऊन ओसरीवर तुटलेली वायर जोडत बसले होते, त्यामुळे गिटार पहिल्यांदाच घरात आली होती. सासूबाई आत स्वयंपाकघरात होत्या. मी हिंमत करून थेट विचारलं, "बोटं कायनं बरी झाली तुमची?"

त्यांनी गिटार माझ्याकडे वळवली. "हात लावून पाह्य."

मी तारेवरून बोट फिरवलं. पीळ नाही, खाच नाही. बांगडीवरून फिरावं तसं बोट फिरलं.

"हिच्यावर गोल तार नाही, चपटी पट्टी गुंडाळेल हाये," ते म्हणाले. "जुन्या तारांवर बोट सरकलं का स्पीकरात चीं करे. हळू गान्यात लय घान वाटे. आमचा ऑर्केस्ट्राचा मास्तर म्हने, जुन्याच ठेव, आवाज खनखनीत येते. मंग नागपूरहून या आनल्या अन् दोनी जोड वाजवून पाह्यले. यायचा आवाज गान्याच्या खाली बसते. कोनाले वेगळा ऐकू येत नाही, पन गानं उभं राह्यते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? तू त वाटी उचलून ठेवून देल्ली." ते खाली बघत बोलत होते. "मले वाटलं, तुयं मन उठलं इथून. आता दिवाळीले परतवाड्याले गेली का वापस येत नाही. मी रोज तालमीहून आलो का तुयी पेटी उघडून पाह्यतो, साड्या हायेत का नाही."

मी यांचे शर्ट हुंगत होते आणि हे माझी पेटी उघडून पाहत होते. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आवरेनात.

त्यांनी पिशवीतून गुंडाळी केलेल्या जुन्या तारा काढल्या. "तू म्हन, कोनत्या ठेवू. मास्तरलेबी जुन्याच पाह्यजेत."

मन डळमळलं, खोटं कशाला बोलू? त्या खरखरीत तारा चढल्या असत्या तर माझी संध्याकाळ मला परत मिळाली असती. पण आदल्या रात्री पोकळ पडलेलं ते गाणंही कानात होतं.

"राहू द्या ह्याच," मी म्हटलं. "तुमचा हात धराले मले जखम कायले पाह्यजे?"

आवाज जरा जास्तच चढला असावा. आतून सासूबाई ओरडल्या, "मंग धर न माय! मी काय पहारा देऊन राहिली का?"