खांबात चिणलेली सून

आमच्या घराला गावात 'पुलाचे' म्हणत. नदीवरचा जुना दगडी पूल आमच्या कुणा पूर्वजानं बांधला. बांधलेला खांब पाण्यात ढासळायचा, पुन्हा बांधला की पुन्हा ढासळायचा. शेवटी त्यानं आपल्या नव्या नवरीला खांबात जिवंत चिणलं आणि मग पूल उभा राहिला, अशी ती गोष्ट. काठावरच्या खांबाला एका जागी दगडानं ठोकलं की पोकळ आवाज यायचा. परगावचा पाहुणा आला की त्याला तिथं नेऊन तो आवाज ऐकवायचा. पाहुण्याचा चेहरा उतरला की ऐकवणाऱ्याचा खुलायचा.

माझी आई या घरात सून म्हणून आली तेव्हा शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, सुटलेला टाका किंवा तिरकं काज दिसलं की खडूनं खूण करून परत पाठवायचा. या कामामुळे म्हणा किंवा मुळातलाच स्वभाव म्हणा, तिला नीटनेटक्या गोष्टीचाच जास्त संशय यायचा. दुधाचा यायचा, दुकानदाराच्या काट्याचा यायचा. बाबांच्या 'आलोच पाच मिनिटांत'चा तर पहिल्या आठवड्यापासून.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत आजीनं भाजी निवडता निवडता नव्या सुनेला पुलाची गोष्ट सांगितली. आईनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं,

"तिला मूलबाळ होतं?"

"कुठलं गं! अंगावरची हळदही उतरली नव्हती."

"मग आपण कुणाचे?"

आजोबा पलीकडे दाढी करत होते. त्यांना इतकं हसू फुटलं की गालाला कापलं. आजीनं शेंगेचं टोक खुडलं आणि म्हणाली, "त्यानं दुसरं लग्न केलं असेल."

"म्हणजे एकीला भिंतीत घातलं, दुसरी आणली, आणि आपण दुसरीचे. मग नाव पहिलीचं कशाला सांगायचं?"

पुढे कितीतरी दिवस आजी तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

आई मात्र त्या गोष्टीच्या मागे लागली. वाद घालत नव्हती, नुसती कान देऊन ऐकायची. आत्या सासरी भांडून माघारी आली, तेव्हा आजीच्या गोष्टीतली नवरी आपणहून, हसत हसत खांबात उतरली. माझ्या जन्मानंतर आईनं पुन्हा कामावर जायचं काढलं, तेव्हा तीच नवरी गुपचूप घरात बसली असती तर वाचली असती; उगाच नवऱ्याचा डबा घेऊन पुलावर गेली आणि सापडली. आत्या शेवटी सासरी परत गेली. आईही कामावर गेली, पण रोज टोमणे खात.

"माप घेऊन गोष्ट शिवते तुझी आजी," आई मला म्हणायची. "समोर कोण बसलंय ते बघून."

"मग तुला काय वाटतं, खरं काय असेल?"

"ते मला माहीत नाही. पण ज्या गोष्टीत दरवेळी बाईनंच गप्प बसायचं असतं, ती कुणाच्या सोयीची आहे, हे आधी बघावं."

मी कॉलेजात होते तेव्हा पुलाची डागडुजी निघाली. काठावरच्या खांबाला तडे गेले होते, तो एका बाजूनं उघडावा लागणार होता. बाबा गवंडी, पुलाचे म्हणून त्यांना तिथं मानानं काम मिळालं. खांब उघडायच्या दिवशी निम्मं गाव काठावर जमलं. आजी घरीच थांबली. आईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला घेऊन सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिली. बाबांनी दुरूनच तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

दगड निघाले. आत माणूस उभा राहील एवढी पोकळी होती. गर्दीतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. साइटवरची इंजिनिअर बाई टॉर्च घेऊन आत वाकली आणि बाहेर आली ती नुसते हात झटकत.

"काही नाही. माती आहे, आणि पाखरांची जुनी घरटी."

"मी बघू?" आई म्हणाली.

बाईंनी तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. आई आत डोकावली ती बराच वेळ. आतल्या गिलाव्यावरून तिनं शिवणीवरून फिरवावं तसं बोट फिरवलं. मग बाहेर येऊन विचारू लागली. तुमच्या आधी कुणी हा खांब उघडला नसेल कशावरून? बाईंनी दाखवलं, जुना चुना सलग आहे, कुठं जोड नाही. मग पोकळी ठेवली कशाला? खांबाचं वजन कमी व्हावं, पायावर भार येऊ नये म्हणून. खाली पाणी निथळून जायला दोन भोकंही ठेवलीत.

"आणि बाकीचे खांब?"

"सगळे असेच आहेत. आम्ही तपासलेत. ते पाण्यात आहेत, तिथं जाऊन कोण ठोकतंय? या खांबापर्यंत हात पोचतो, एवढंच."

आई गर्दीकडे वळली. "ऐकलंत? सगळेच पोकळ आहेत. मग काय प्रत्येक खांबात एकेक सून घातली?"

दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनंच काहीतरी चोरलं होतं.

संध्याकाळपर्यंत गावात नवी गोष्ट तयार झाली. सांगाडा होता, दागिन्यांसकट होता. ठेकेदारानं आदल्या दिवशीच हलवला आणि आमच्या आईचं तोंड बंद केलं. ज्यांना जुन्या गोष्टीत कधी एक फट दिसली नव्हती, त्यांना आता चुन्याच्या सलग थरातही डाव दिसत होता. शेजारच्या काकू आईच्या कानांकडे निरखून बघून गेल्या, नवीन काही घातलंय का म्हणून. बाबा वैतागले. "आता मला पुलाचा गवंडी कोण म्हणणार? तुला गप्प राहायला काय झालं होतं?"

आजी दोन दिवस जेवली नाही म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. आजी शेजारी येऊन बसली.

"नक्की कुणी नव्हतं?"

"नव्हतं. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

आजी उशीचा अभ्रा चुरगाळत बसली. मग म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी निघाले होते. पिशवी भरून. माझा हात भाजला होता, यांच्या आईनं भाजला होता. पलीकडच्या तीरावर माझी बहीण राहायची, तिच्याकडे जायचं म्हणून निघाले. सासू मागून धावत आली. रागावली नाही. मला खाली त्या खांबापाशी नेलं, माझा हात दगडावर ठेवला आणि म्हणाली, हिनं एवढं सोसलं, तुला एवढंही होईना? मी परत फिरले."

आईनं हातातली घडी बाजूला ठेवली.

"मग गं," आजी म्हणाली, "मी परत कुणासाठी आले?"

आईनं तिचा हात हातात घेतला. मनगटाच्या वर एक गुळगुळीत, चकचकीत डाग होता. तो आम्ही जन्मभर पाहिला होता, पण कशाचा म्हणून कधी कुणी विचारलं नव्हतं. संशयखोर म्हणून गाजलेल्या माझ्या आईनंही नाही. तिला त्याची फार लाज वाटली, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

"बहीण आहे ना अजून?" आईनं विचारलं.

"आहे. ऐकू कमी येतं."

त्याच आठवड्यात आईनं आजीची पिशवी भरली. पूल अजून गाड्यांना बंद होता, म्हणून आम्ही तिघी चालतच निघालो. बहिणीनं दार उघडलं, आजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्यानं विचारलं, "एकटीच आलीस? काय झालं?" काही झालं नाही, यावर तिचा विश्वास बसायला चहा संपावा लागला.

चार दिवसांसाठी गेलेली आजी महिना उलटला तरी तिथंच होती. बाबांनी फोन केला, "आई, घर सुनं वाटतंय, कधी येतेस?" फोनमधून मागे दोघी म्हाताऱ्यांचा पत्त्यांवरून चाललेला आरडाओरडा ऐकू येत होता.

"येईन रे," आजी म्हणाली. "कळवीन तुला."